ठाण्यातल्या घरात मठाची दिनचर्या: प्रार्थना आणि काम यांची घडी कशी बसवावी

ख्रिस्ती मठातील दिनक्रमाविषयी वाचताना बहुतेकांची नजर प्रथम प्रार्थनांच्या संख्येवर जाते: दिवसातून सात वेळा आणि शिवाय रात्री एकदा. सकाळची लोकल गाठणारा माणूस हा आकडा ऐकूनच ‘हे आपल्या आवाक्यातले नाही’ असे म्हणून विषय मिटवतो. मला मात्र त्या दिनक्रमाचा कणा दुसरीकडेच दिसतो. घंटा झाली की हातातले काम, ते कितीही निकडीचे असले तरी, अर्धवट सोडून उठायचे आणि प्रार्थना आटोपल्यावर तितक्याच निमूटपणे त्या अर्धवट कामाकडे परतायचे, या सवयीवर मठाचा सारा दिवस उभा असतो. ही सवय कळव्यातल्या किंवा कोपरखैरण्यातल्या दोन खोल्यांच्या घरातही लावता येते. ती कोणत्या क्रमाने लावावी, हे पुढे सांगितले आहे. लेखन प्रामुख्याने मराठी ख्रिस्ती कुटुंबांना डोळ्यांसमोर ठेवून केले असले, तरी एखाद्या मठात काही दिवस राहून येऊ इच्छिणाऱ्या इतर वाचकांनाही त्यातला बराचसा भाग उपयोगी पडेल.

एक खुलासा आधीच केलेला बरा. ठाणे आणि नवी मुंबईत शाळा, दवाखाने आणि चर्च चालवताना जे फादर, ब्रदर आणि सिस्टर आपल्याला भेटतात, त्यांपैकी बहुतेक जण मठवासी नसतात. तेही प्रार्थनेच्या वेळा पाळतात, परंतु त्यांचा दिवस सेवाकार्याभोवती आखलेला असतो. १३२१ साली ठाण्यात मारले गेलेले तोलेंतिनोचे थॉमस आणि त्यांचे तीन सोबती फ्रान्सिस्कन होते, म्हणजे गावोगाव फिरणाऱ्या भिक्षूंच्या संघातले. बेनेडिक्टच्या परंपरेतला मठवासी याउलट एकाच मठात आयुष्यभर राहण्याचे व्रत घेतो. जागा बदलायची नाही, माणसे बदलायची नाहीत आणि वेळापत्रकही फारसे बदलायचे नाही, असे हे जीवन असल्यामुळेच त्याची दिनचर्या इतकी बारकाईने घडवली गेली.

मूळ आराखडा

संत बेनेडिक्ट (सुमारे ४८०–५४७) यांनी इटलीतील माँते कासिनो येथे आपल्या मठासाठी ७३ प्रकरणांची एक नियमावली लिहिली. बेनेडिक्टाइन मठ, १०९८ साली फ्रान्समधील सीतो येथे सुरू झालेला सिस्टर्शियन संघ आणि त्यातूनच पुढे निघालेले ट्रॅपिस्ट हे सारे आजही तीच नियमावली मानतात. बायबलमधील स्तोत्रसंहिता या प्रार्थनागीतांच्या ग्रंथातील ११९व्या स्तोत्राचा कर्ता दिवसातून सात वेळा देवाची स्तुती करतो आणि मध्यरात्रीही उठतो. बेनेडिक्ट यांनी त्याच आधारावर दिवस आखला. रात्रीच्या अंधारात व्हिजिल्स, उजाडताना लॉड्स, दिवस सुरू होताना प्राइम, मग तिसऱ्या, सहाव्या आणि नवव्या तासाच्या तीन छोट्या प्रार्थना, दिवेलागणीच्या सुमारास व्हेस्पर्स आणि झोपण्यापूर्वी कॉम्प्लिन असा तो क्रम आहे. आठवडाभरात १५० स्तोत्रे पूर्ण झालीच पाहिजेत, हा त्यांचा आग्रह होता. स्तोत्रांची वाटणी कोणाला याहून चांगली सुचली तर खुशाल बदलावी, असेही त्यांनी लिहून ठेवले आहे.

‘प्रार्थना करा आणि काम करा’ हे बेनेडिक्टाइनांचे म्हणून प्रसिद्ध असलेले घोषवाक्य नियमावलीत त्या शब्दांत कोठेही येत नाही. कामाविषयीच्या ४८व्या प्रकरणात हाताच्या कामाला ठरावीक तास दिलेले आहेत, पण तितक्याच काटेकोरपणे वाचनालाही दिलेले आहेत. म्हणजे मठाचा दिवस तीन धाग्यांचा आहे, आणि घरी दिनचर्या बसवताना नेमका तिसरा धागा गाळला जातो. त्याकडे पुढे येऊ.

आजच्या गृहस्थाला हा आराखडा जसाच्या तसा उचलण्याची गरज नाही. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये उपासनेविषयी जो दस्तऐवज संमत केला, त्यात प्राइम रद्द झाली, लॉड्स आणि व्हेस्पर्स या दोन प्रार्थना दिवसाच्या मुख्य बिजागऱ्या ठरल्या आणि दिवसाच्या तीन लहान प्रार्थनांपैकी सोयीची एकच म्हणण्याची मुभा सामूहिक प्रार्थनेचे बंधन नसलेल्यांना मिळाली. पुढे स्तोत्रांची विभागणीही एका आठवड्याऐवजी चार आठवड्यांवर करण्यात आली. सकाळ, दुपार, संध्याकाळ आणि रात्र असे चार थांबे घरासाठी पुरेसे आहेत.

वेळा ठरवणे

बेनेडिक्ट यांच्या काळात सूर्योदय ते सूर्यास्त या अवधीचे बारा समान भाग करून त्या प्रत्येकाला तास म्हणत. माँते कासिनोच्या अक्षांशावर जूनमधला दिवस सुमारे १५ तासांचा आणि डिसेंबरमधला जेमतेम ९ तासांचा असतो, त्यामुळे तिथला ‘तास’ उन्हाळ्यात आपल्या घड्याळाच्या ७५ मिनिटांइतका लांबायचा आणि हिवाळ्यात ४५ मिनिटांपर्यंत आखडायचा. नियमावलीत उन्हाळ्याचे, हिवाळ्याचे आणि ईस्टरपूर्व उपवासकाळाचे अशी वेगवेगळी वेळापत्रके दिसतात, त्यामागे हेच कारण आहे. ठाण्यात हा फरक फार लहान आहे. आपला सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांचा आणि सर्वांत लहान अकरा तासांचा, म्हणजे तास ६६ मिनिटांवरून ५५ मिनिटांवर येतो. आपल्याला वर्षभरासाठी एकच वेळापत्रक पुरते.

भारतीय प्रमाणवेळ ज्या रेखांशावर बेतलेली आहे त्याच्या बऱ्याच पश्चिमेला ठाणे असल्यामुळे इथे सूर्य डोक्यावर येतो तो बारा वाजता नव्हे, तर साधारण बारा-चाळीसला. म्हणून सहाव्या तासाची प्रार्थना डब्याच्या सुटीच्या अगदी तोंडाशी येते, आणि नोकरदाराला हीच सर्वांत सोयीची आहे. तिसरा तास साडेनऊ-पावणेदहाच्या आसपास संपतो, तेव्हा आपण लोकलमध्ये किंवा नुकतेच खुर्चीत बसलेले असतो. नववा तास साडेतीन-पावणेचारला, म्हणजे कार्यालयात कामाचा रेटा असतो तेव्हा. तो सध्या सोडून द्यावा.

सगळे एकदम सुरू करू नये. पहिल्या आठवड्यात फक्त रात्रीची प्रार्थना धरावी, कारण ती सर्वांत लहान आहे आणि तेव्हा कुटुंब घरी असते. दुसऱ्या आठवड्यात सकाळची जोडावी. ती जमली की दुपारची, आणि संध्याकाळची सर्वांत शेवटी. संध्याकाळी घरी पोहोचण्याची वेळ रेल्वेच्या हातात असते. संध्याकाळच्या प्रार्थनेला घड्याळातली वेळ न देता ‘घरातले शेवटचे माणूस येऊन हातपाय धुऊन झाल्यावर’ अशी खूण ठरवावी.

घंटा

नियमावलीच्या ४३व्या प्रकरणात सांगितले आहे की इशारा ऐकू येताच मठवासीयाने हातात असेल ते सारे सोडून त्वरेने, तरीही गांभीर्य राखून यावे, आणि देवाच्या कार्यापेक्षा कशालाही अधिक मान देऊ नये. बेनेडिक्ट यांच्या आधी शंभरेक वर्षे जॉन कॅसियन यांनी इजिप्तमधील मठवासीयांविषयी नोंदवलेली एक गोष्ट याहून बोलकी आहे: नकला उतरवणारा मठवासी दारावरची थाप ऐकताच सुरू केलेले अक्षरही पुरे करत नसे.

घरात हे करायचे तर मोबाईलचा गजर शक्यतो वापरू नये. गजर बंद करायला हात फोनकडे गेला की डोळे संदेशांकडे जातात, आणि दहा मिनिटे तिथेच संपतात. देव्हाऱ्यातली असते तशी लहान पितळी घंटा किंवा स्वयंपाकघरातला चावीचा टायमर पुरतो. घंटा वाजवण्याचे काम एकाच व्यक्तीकडे असावे आणि ती शक्यतो घरातली सर्वांत लहान व्यक्ती असावी. नऊ-दहा वर्षांचे मूल हे काम मोठ्यांपेक्षा अधिक निष्ठेने करते आणि वडिलांनाही सवलत देत नाही.

अर्धवट सोडण्याचा सराव मुद्दाम करावा लागतो. ‘एवढी भाजी चिरून घेते’, ‘एवढा मेल पाठवतो’ हे ओठांवर येतेच. इथे एकच सूट ठेवावी, ती जळत्या शेगडीची: गॅस बंद करावा आणि यावे. चिरायची राहिलेली अर्धी भेंडी ताटात तशीच पडून राहू द्यावी. पहिले काही दिवस लक्ष त्या भेंडीकडेच लागलेले असते. प्रार्थनेनंतर त्याच ताटाशी बसून उरलेली भेंडी चिरताना आधीची घाई बरीच ओसरलेली जाणवते, आणि याच बदलासाठी मठात इतक्या वेळा घंटा वाजते.

एक प्रार्थना प्रत्यक्षात कशी म्हणावी

मराठी बायबलमधील स्तोत्रसंहिता हाताशी असली तरी सुरुवातीला भागते. एक अडचण मात्र ध्यानात ठेवावी: लॅटिन परंपरेतल्या जुन्या प्रार्थनापुस्तकांत स्तोत्रांचे क्रमांक बऱ्याच ठिकाणी एकाने मागे असतात, त्यामुळे तिथले ९०वे स्तोत्र म्हणजे आपल्या बायबलमधील ९१वे. या लेखात मराठी बायबलमधीलच क्रमांक दिले आहेत.

रात्रीसाठी बेनेडिक्ट यांनी ४, ९१ आणि १३४ ही तीन स्तोत्रे रोजच्या रोज नेमून दिली. रोज तीच असल्यामुळे महिन्याभरात ती पाठ होतात आणि दिवा मालवूनही म्हणता येतात. १३४वे तर तीनच ओव्यांएवढे आहे. प्रार्थनेच्या आरंभी दिवसाचा शांतपणे आढावा घ्यावा, मग स्तोत्रे, बायबलमधला एक छोटा उतारा, लूकच्या शुभवर्तमानातील वृद्ध शिमोनाचे गीत आणि शेवटी कॅथलिक घरांत मरियेचे एखादे गीत. एकंदर दहा-बारा मिनिटे लागतात.

सकाळच्या प्रार्थनेत आरंभी ९५वे स्तोत्र, मग एखादे गीत, एक स्तोत्र, जुन्या करारातील एक गीत, पुन्हा एक स्तुतिपर स्तोत्र, लहान वाचन, लूकमधीलच जखऱ्याचे गीत, दिवसासाठी विनंत्या आणि प्रभूची प्रार्थना असा क्रम असतो. शुक्रवारी पश्चात्तापाचे ५१वे स्तोत्र म्हणतात. संध्याकाळची प्रार्थना साधारण याच साच्याची आहे, पण आरंभीचे ९५वे स्तोत्र नसते, दोन स्तोत्रांनंतर नव्या करारातील एक गीत येते आणि जखऱ्याच्या जागी मरियेचे स्तुतिगीत. आरंभीच्या गीतासाठी रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांच्या भजनांइतकी सोयीची दुसरी सामग्री मराठी घराला मिळणे कठीण. परदेशी चालींवर अडखळत गाण्यापेक्षा ती कितीतरी बरी.

म्हणण्याची पद्धत अधिक महत्त्वाची आहे. मठात दोन बाजूंना समोरासमोर उभे राहून स्तोत्र म्हणतात: एक चरणजोडी या बाजूने, पुढची त्या बाजूने. प्रत्येक जोडीच्या मध्यावर सगळे एकत्र क्षणभर थांबतात. घरात दोनच माणसे असली तरी हे जमते. १२१वे स्तोत्र घेऊ. डोंगरांकडे दृष्टी लावल्याचे सांगणारा पहिला अर्धा भाग आईने म्हणावा आणि तिथेच एक श्वास घ्यावा. मग साहाय्य कोठून येणार, हा प्रश्न तिनेच पुरा करावा. परमेश्वराकडून येते, हे उत्तर समोरच्या मुलाने द्यावे, त्यानेही मध्ये तसेच थांबून. थांबा किती असावा, हे मोजायचे नाही. समोरच्याचा श्वास ऐकू आला की पुढे जावे. घाईने म्हणणाऱ्याला हा थांबा पहिल्या दिवशी असह्य होतो. प्रत्येक स्तोत्राच्या शेवटी पित्याचा, पुत्राचा आणि पवित्र आत्म्याचा गौरव करताना बसलेल्यांनी उठून उभे राहावे. आवाज चढवू नये, लांबवू नये, सर्वांत हळू म्हणणाऱ्याच्या गतीने सर्वांनी जावे.

प्रवासातले वाचन

तिसरा धागा वाचनाचा. लेक्टिओ दिविना या नावाने ओळखले जाणारे हे वाचन माहितीसाठी नसते. बाराव्या शतकातले कार्थुशियन मठवासी दुसरे गिगो यांनी त्याच्या चार पायऱ्या सांगितल्या: वाचणे, मनन करणे, प्रार्थना करणे आणि शांत राहणे. बायबलमधील आठ-दहा वचनांचा एक भाग घ्यावा, दोनदा वाचावा आणि ज्या शब्दापाशी मन अडते तिथेच थांबावे. पुढचे वाचायचे राहिले तर राहू द्यावे.

ठाणे–वाशी मार्गावरचा अर्ध्या तासाचा प्रवास यासाठी उत्तम आहे, बसायला जागा मिळाली तर. उभे राहावे लागले तर पुस्तक उघडण्याच्या फंदात पडू नये. त्यापेक्षा १२० ते १२२ ही स्तोत्रे पाठ करून ठेवावीत. बेनेडिक्ट यांनी मंगळवार ते शनिवार तिसऱ्या तासाला हीच तीन नेमली होती, आणि यरुशलेमकडे निघालेल्या यात्रेकरूंची गाणी म्हणून ती ओळखली जातात. दिघा-ऐरोलीच्या पट्ट्यात एका बाजूला पारसिकचा डोंगर दिसत असतो, त्यामुळे १२१व्याची सुरुवात आठवायला अडचण पडू नये. ओठ हलवण्याचीही गरज नाही.

उपवासकाळात प्रत्येक मठवासीयाला ग्रंथालयातून एक पुस्तक मिळे आणि ते पहिल्या पानापासून सलग वाचून काढणे बंधनकारक असे. घरासाठीही हा नियम जसाच्या तसा घ्यावा: एका वेळी एकच पुस्तक.

काम, आणि विशेषतः स्वयंपाकघर

इथे जरा स्पष्ट लिहिणे भाग आहे. पुरुष बैठकीत स्तोत्रे म्हणत आहे आणि बाई आतून चहा आणून देत आहे, असे चित्र असेल तर त्या घरात मठाची दिनचर्या सुरू झाली असे म्हणता येणार नाही. ३५व्या प्रकरणात बेनेडिक्ट यांनी सर्वांनी एकमेकांची सेवा करावी आणि आजारी किंवा तशाच महत्त्वाच्या कामात गुंतलेल्यांखेरीज कोणालाही स्वयंपाकघरातून सूट मिळू नये असे घालून दिले. पाळी आठवड्याची असे. शनिवारी पाळी संपवणाऱ्याने साफसफाई करावी, हातपाय पुसायचे पंचे धुवावेत, नव्याने येणाऱ्याच्या सोबतीने सर्वांचे पाय धुवावेत आणि भांडी स्वच्छ व धड स्थितीत कोठाराच्या व्यवस्थापकाकडे सोपवावीत. व्यवस्थापकाने ती पुढच्याला मोजून द्यावीत.

घरी हे असे करता येईल. शनिवारी रात्रीच्या जेवणानंतर ज्याची पाळी संपली त्याने ओटा, शेगडीच्या जाळ्या आणि मिक्सरची भांडी धुऊन पुसून ओळीने मांडावीत. पुढच्या आठवड्याच्या माणसाने समोर उभे राहून ती पाहावीत: कुकरची रिंग जागेवर आहे का, सुरी बोथट झाली आहे का, मसाल्याच्या डब्यात काय संपले आहे. मग ओट्यावरचे फडके एकाने दुसऱ्याच्या हाती द्यावे आणि दोघांनी मिळून एक छोटी प्रार्थना म्हणावी. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला संपूर्ण स्वयंपाक जमणार नाही. त्याच्या आठवड्यात डाळ, भात आणि अंडी चालवून घ्यावीत.

मठातली अवजारे आणि सारे सामान वेदीवरील पवित्र पात्रांप्रमाणे मानावे, असे ३१वे प्रकरण सांगते. हे वाक्य अनेकांना काव्यमय वाटते, पण त्याचा अर्थ अगदी व्यवहारी आहे: झाडू वापरून झाल्यावर टांगून ठेवावा, आदळू नये. ज्यांचे सारे काम संगणकावर चालते त्यांनी दिवसातून निदान एक हाताचे काम स्वतःकडे ठेवावे, मग ते कपडे वाळत घालणे असो किंवा गॅलरीतल्या कुंड्या.

जेवणाविषयी थोडक्यात. मठात जेवताना एकजण वाचतो आणि बाकीचे मौन पाळतात. पोळी हवी असली तर खुणेने मागतात. घरी आठवड्यातून एक जेवण असे करून पाहावे, रविवारचे नको. दोन शिजवलेले पदार्थ पुरेत, एक जमला नाही तर दुसरा खाता यावा, हा ३९व्या प्रकरणातला हिशेब आपल्या वरणभात-भाजीला साजेसा आहे. मांसाची बंदी चार पायांच्या प्राण्यांपुरती असून अशक्त आजाऱ्यांना त्यातूनही सूट आहे. बोंबलांची काळजी करू नये.

रात्रीचे मौन

कॉम्प्लिननंतर सकाळपर्यंत बोलायचे नाही. ठाण्यात याला सर्वांत मोठा अडथळा बाहेरच्या आवाजाचा वाटतो, पण रस्त्यावरच्या वाहनांचे आणि मंडळांच्या ध्वनिक्षेपकाचे आपण काही करू शकत नाही. ते असतील तसे असू द्यावेत. आपल्या हातात आहे तो फोन. तो स्वयंपाकघरात चार्जिंगला लावून मगच प्रार्थनेला बसावे आणि नंतर उचलू नये. पाहुणे आले किंवा कोणी आजारी पडले तर बोलावे. पाहुण्यांसाठी मौन मोडण्याची मुभा नियमावलीतच आहे, कारण येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याचे स्वागत ख्रिस्ताचे करावे तसे करायचे आहे.

उशीर झाला, प्रार्थना हुकली

गाडी रखडणार, पावसाळ्यात तर रूळच पाण्याखाली जाणार. बेनेडिक्ट यांनी उशिरा येणाऱ्यांचा विचार आधीच करून ठेवला होता: रात्रीच्या प्रार्थनेतले ९५वे स्तोत्र मुद्दाम अगदी सावकाश म्हणावे, म्हणजे मागे राहिलेल्यांना ते संपण्यापूर्वी येऊन पोहोचता येईल. घरातही कोणाची वाट पाहत प्रार्थना खोळंबून ठेवू नये. आरंभ हळू करावा आणि येणाऱ्याने निमूटपणे मागे उभे राहावे. मठापासून दूर कामावर असलेल्यांनी असतील तिथेच वेळ पाळावी, असे ५०वे प्रकरण सांगते, तेव्हा कांजूरमार्गला अडकलेल्या माणसाने फलाटावरच प्रार्थना केलेली चालते. हुकलेली प्रार्थना मात्र रात्री एकत्र करून ‘भरून काढू’ नये. ती वेळ गेली, पुढची वेळ पाळावी.

मठात राहून यायचे असल्यास

घरी दीड-दोन महिने हे स्थिरावल्यावर मग प्रत्यक्ष मठात जावे. आधी गेल्यास तिथल्या वेळापत्रकाची नुसती दमछाक होते. ठाणेकरांना यासाठी दक्षिणेकडे जावे लागते. केरळमध्ये वागमोणजवळ १९५८ साली फ्रान्सिस आचार्य आणि बीड ग्रिफिथ्स यांनी स्थापन केलेला कुरिसुमला आश्रम आहे. तिथे सिरियाक परंपरेची उपासना आणि गाईंचे गोठे ही दोन्ही कामे शेजारी शेजारी चालतात, आणि १९९८ मध्ये हा आश्रम ट्रॅपिस्ट संघात सामील झाला. तमिळनाडूत कावेरीकाठी कुळितलैजवळ १९५० साली स्थापन झालेले शांतिवनम आहे, तर बंगळूरूजवळ आशीर्वनम हा बेनेडिक्टाइन मठ.

जाण्यापूर्वी पत्राने किंवा फोनने परवानगी घ्यावी, किती दिवस राहणार हे नेमके सांगावे आणि पोहोचण्याची वेळ प्रार्थनेच्या वेळेशी धडकणार नाही अशी निवडावी. सोबत साधे, अंग झाकणारे कपडे, टॉर्च, पहाटेसाठी एखादी शाल, आवाज न करणाऱ्या चपला आणि आपले मराठी बायबल असावे; तिथली प्रार्थना मल्याळम, तमिळ किंवा इंग्रजीत चालू असताना स्तोत्राचा क्रमांक विचारून घेतला की आपल्या पुस्तकात मागोवा घेता येतो. काम मागून घ्यावे, पण दिलेले कामच करावे. पाहुण्यांची व्यवस्था पाहणाऱ्या ब्रदरांना निघण्याच्या आदल्या दिवशीच भेटून देणगी द्यावी, कारण तुमची गाडी पहाटेची असेल तर ते त्या वेळी प्रार्थनेत असतील.